खडकातून कवटी सोडवताना

लिस्ट्रोसॉरस हा डायनोसॉर नव्हे. नावात ‘सॉरस’ आल्यामुळे बहुतेकांचा तसा समज होतो, आणि तो दूर केल्याशिवाय मला पुढचं काही सांगताच येत नाही. हा प्राणी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. पहिले डायनोसॉर यायला तेव्हा अजून दीड-दोन कोटी वर्षं होती. तो झाडपाला खाऊन जगायचा. वरच्या जबड्यात दोन सुळे, बाकी तोंडात एकही दात नाही, दातांऐवजी कासवाला असते तशी चोच. शेपटी आखूड, पाय बसके, अंग डुकरासारखं भरलेलं. नात्याने मात्र तो सरडे-मगरींच्या घरातला नाही, आपल्या घरातला आहे. सस्तन प्राण्यांचा थेट पूर्वज नव्हे, त्या पूर्वजांचा चुलत भाऊ म्हणा.

या प्राण्याची एक कवटी खडकातून मोकळी करण्याचं काम माझ्या वाट्याला आलं. जीवाश्म सापडल्याच्या बातम्या छापून येतात, संग्रहालयात उभा केलेला सांगाडा लोक बघतात. पण दगडातलं हाड बाहेर येतं कसं, ते करणाऱ्याच्या हातांना आणि डोळ्यांना काय काय कळत जातं, यावर मराठीत मला वाचायला मिळालं नाही. म्हणून लिहायला बसले.

मी चंद्रपूरकडची, कोळशाच्या पट्ट्यात वाढलेली. आमच्या भागात कोळशाबरोबर निघणाऱ्या शेलच्या पापुद्र्यांवर ग्लॉसोप्टेरिसची पानं उमटलेली सापडतात, जिभेसारखी लांबट, मधली शीर ठळक. शाळेत असताना ती नुसती ‘दगडातली पानं’ होती. पुढे भूविज्ञान घेतलं तेव्हा कळलं की ज्या झाडांचा हा कोळसा झाला त्यांचीच ती पानं. आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. नागपूरच्या दक्षिणेला मांगली नावाचं गाव आहे, तिथल्या खडकात एकोणिसाव्या शतकात एका उभयचराची चपटी कवटी सापडली होती. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे दोघं त्या काळी आसपासचे दगड, पानं, शिंपले गोळा करत हिंडायचे. ही कवटी लंडनला रिचर्ड ओवेनकडे गेली आणि १८५५ साली त्याने तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिलं. म्हणजे लिस्ट्रोसॉरसच्या जमान्यातल्या पाणवठ्याचा एक रहिवासी आमच्या वर्धा खोऱ्यातही आहे. खुद्द लिस्ट्रोसॉरस मात्र इकडे नाही. त्याच्यासाठी बंगालात जावं लागतं, दामोदरच्या खोऱ्यात.

कोलकात्यातल्या एका प्रयोगशाळेत मी प्रकल्प सहायक म्हणून रुजू झाले ती यासाठीच. हिवाळा लागला की आमचा गट राणीगंज-आसनसोलकडे निघायचा. पाऊस संपून गवत वाळलेलं असतं, नदी आणि नाले उतरलेले असतात, काठ उघडे पडतात. काम करायचं ते तेव्हाच. या भागात खाली राणीगंजचे कोळशाचे थर आहेत आणि त्यांच्या वर पांचेतचे थर. पांचेत नावाची टेकडी आहे, धरणही आहे. नुनिया नाल्याच्या काठाने चालत गेलं की हा बदल पायाखाली दिसतो. काळा-करडा खडक मागे पडतो, शेवाळी हिरव्या रंगाचा गाळखडक लागतो, मग लाल माती. आणि कोळसा संपतो. पूर्णपणे संपतो.

तिथे मी बराच वेळ थांबले होते. कोळशाच्या गावात वाढलेल्या माणसाला या रेषेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. कोळसा नाही म्हणजे दलदलीतली जंगलं नाहीत. ही नुसती दामोदरची गोष्टही नव्हे. ट्रायासिक कल्पाच्या सुरुवातीचा सुमारे एक कोटी वर्षांचा असा काळ आहे की त्या वयाचा कोळसा जगात कुठेही सापडत नाही. सैबेरियात लाव्हाचे प्रचंड लोट वाहिले, हवेत कार्बन डायऑक्साइड भरला, पृथ्वी तापली, समुद्रातला प्राणवायू घटला आणि समुद्रातल्या दहातल्या आठाहून जास्त प्रजाती गेल्या. हे सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचं. जमिनीवरही तशीच वाताहत झाली. ग्लॉसोप्टेरिसची जंगलं गेली. त्या संहाराच्या या बाजूला, लाल-हिरव्या खडकात, सगळ्यांत जास्त सापडतो तो लिस्ट्रोसॉरस. दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशात तर काही थरांमध्ये कणा असलेल्या प्राण्यांचे जितके जीवाश्म मिळतात, त्यांत बहुसंख्य या एकट्याचेच असतात. एवढं सगळं मेलं आणि हा उरला. का उरला, हा प्रश्न मनात ठेवूनच मी पुढचं सगळं काम केलं.

जमिनीवर जीवाश्म शोधण्यात यंत्रबिंत काही नसतं. मान खाली घालून चालायचं. उतारावर हाडाचा तुकडा दिसला की तो कुठून घरंगळला ते बघत वर चढायचं, तुकड्यांची माळ जिथे थांबते तिथे खडकात बघायचं. पांचेतमध्ये हाडं बहुतेक सुटी, वाहून आलेली, चुन्याच्या खड्यांत अडकलेली मिळतात. आमच्या कवटीचं नशीब बरं होतं. ती बारीक गाळाच्या एका गाठीत होती आणि खालचा जबडा किंचित सरकलेला असला तरी तिला धरूनच होता. शेजारी बरगड्या आणि मागच्या पायाचं एक हाड. बाहेरून दिसत होती ती फक्त डोळ्याच्या खोबणीची कड आणि एका सुळ्याचं तुटलेलं टोक.

मोजमाप, फोटो, दिशा, थराचा उतार, सगळी नोंद झाल्यावर आधी उघड्या हाडाला पॅरालॉइड पाजलं. हे ॲक्रिलिकचं रेझिन. ॲसिटोनमध्ये पातळ करून ब्रशने सोडलं की भेगांत शिरतं आणि हाड धरून ठेवतं. मग गाठीच्या भोवती चर खणला. वर ओला टिश्यू पेपर, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. जवळच्या गावातल्या दुकानातून तागाची जुनी पोती आणली होती. ती फाडून द्यायला गावातल्या दोन काकी आल्या आणि पट्ट्यांची रुंदी कशी एकसारखी ठेवायची ते त्यांनीच आम्हाला दाखवलं. प्लास्टर सुकलं की खालून पोखरत जायचं आणि एका दमात उलटवायचं. उलटवताना सगळे एकदम गप्प होतात. आमचं जॅकेट, म्हणजे गाठीभोवतीचं हे प्लास्टरचं वेष्टण, सलग निघालं.

खरं काम यानंतरचं.

प्रयोगशाळेत आमच्याकडे एक ज्येष्ठ प्रेपरेटर, म्हणजे जीवाश्म खडकातून मोकळे करणारे, होते. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. त्यांनी जॅकेट उघडून दिलं, वाळूच्या पिशवीवर गाठ बसवली, दुर्बिणीखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, प्रकाश लावला आणि मला पहिल्या दिवशी हाताला काहीही लागू दिलं नाही. “आगे देखो,” म्हणाले, “आधी बघ. हाड कुठे आहे आणि हाड असावं असं तुला वाटतं ते कुठे आहे, हे दोन्ही वेगळं लिही.” मी वहीत गाठीचं चित्र काढून दोन रंगांत खुणा केल्या. ही सवय मी अजून सोडलेली नाही. नव्या माणसाला याहून उपयोगी दुसरं काही शिकवता येईल असं मला वाटत नाही.

हाडाभोवतीच्या खडकाला मॅट्रिक्स म्हणतात. तो काढायला एअरस्क्राइब असतं, पेनाएवढं, कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारं; त्याची कार्बाइडची टोकदार सुई सेकंदाला कित्येक वेळा पुढेमागे होते. कानाला बोळे, डोळ्यांना चष्मा, नाकाला चांगला मास्क, शेजारी धूळ ओढून घेणारी नळी. धूळ सिलिकाची असते, फुप्फुसात गेली की परत येत नाही, म्हणून यात हयगय चालत नाही. हाडाच्या जवळ पोचलं की यंत्र बंद आणि हातातली सुई सुरू. पिन-व्हाइसमध्ये बसवलेली साधी पोलादी सुई. सुई हाडाला काटकोनात कधी धरायची नाही, आडवी धरायची आणि खडक हाडापासून बाहेरच्या बाजूला उडवायचा. आपल्या गाठीत चुना बराच होता, त्यामुळे काही भागाला सौम्य ॲसेटिक ॲसिडही वापरलं. ॲसिडात बुडवायचं, मग वाहत्या पाण्यात भरपूर वेळ धुवायचं, आणि सुकल्यावर उघडं झालेलं हाड रेझिनने झाकायचं. ॲसिड किंचित जरी आत राहिलं तरी पुढे काही महिन्यांनी क्षार फुलून हाड फुटतं.

कुठे खडक संपला आणि हाड सुरू झालं, हे आधी कानाला कळतं. सुईचा आवाज बदलतो. खडकावर तो भरड असतो, हाडाजवळ आला की बारीक आणि कोरडा होतो. मग डोळ्यांना कळतं. आमच्या कवटीवर एक तांबूस, कडक पापुद्रा होता, तो हाडाला इतका चिकटलेला की फणसाच्या गऱ्याला चिकटलेली पाती सोडवावी तसा तो धीराने सोडवावा लागायचा. दुर्बिणीखाली भाताच्या शिताएवढी जागा साफ झाली की त्या दिवसाचं काम चांगलं झालं असं आम्ही समजायचो.

सुळा आधी मोकळा झाला. उजव्या बाजूचा, टोक तुटलेला. तुटलेल्या तोंडावर दुर्बीण धरली तेव्हा आतली वर्तुळं दिसली, एकात एक. लिस्ट्रोसॉरसच्या सुळ्यावर इनॅमल नसतं, तो सगळा दंतिनाचा असतो आणि जन्मभर वाढत राहतो, हत्तीच्या दाताप्रमाणेच. वाढताना प्रत्येक थराची खूण मागे राहते. अंटार्क्टिका आणि दक्षिण आफ्रिका या दोन्हीकडच्या लिस्ट्रोसॉरसच्या सुळ्यांचे काप मेगन व्हिटनी आणि ख्रिश्चन सिडॉर यांनी ताडून पाहिले आणि २०२० साली निष्कर्ष मांडला. अंटार्क्टिकातल्या सुळ्यांमध्ये जाड, दाटीवाटीच्या रेषा होत्या, म्हणजे तिथले प्राणी काही काळ शरीराचा वेग मंदावून काढत असावेत, शीतनिद्रेसारखं काहीतरी. त्या काळीही अंटार्क्टिका दक्षिण ध्रुवाजवळ होतं, हिवाळ्यात तिथे लांबच लांब रात्र. दामोदरकाठचा आपला प्राणी त्या मानाने उत्तरेला राहणारा. त्याच्या सुळ्यातल्या रेषा मला साध्या डोळ्यांनी काही सांगणार नव्हत्या, पण त्या तिथे आहेत हे बघूनच मी दादांना हाक मारली.

सुळ्याच्या वरचा भाग विचित्र होता. बहुतेक प्राण्यांचं मुस्कट पुढे येतं. याचं डोळ्यांच्या पुढून एकदम खाली वळतं, सरळ उतरतं. नाकपुड्या त्यामुळे वर, डोळ्यांच्या जवळ. याच ठेवणीवरून पूर्वी बऱ्याच जणांनी त्याला पाणघोड्यासारखा पाण्यात पडून राहणारा ठरवलं होतं. संघमित्रा राय, अनुसूया चिन्सामी आणि सास्वती बंदोपाध्याय यांनी २००५ साली भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या हाडांचे काप तपासले, त्यांनाही हाडाच्या जाड भिंतीवरून तो निदान काही वेळ पाण्यात काढत असावा असं वाटलं. दुसरीकडे कारूमध्ये त्याने खणलेली बिळं सापडली आहेत, पुढचे पायही खणायला योग्य असे दणकट. मला स्वतःला दोन्ही एकत्र नांदू शकतात असं वाटतं. नदीकाठी राहणारा, उन्हात बिळात जाणारा प्राणी पाण्यातही उतरणारच.

जबड्याच्या कडेवर पोचल्यावर काम फार मंदावलं, कारण तिथलं हाड खडबडीत आणि बारीक बारीक छिद्रांनी भरलेलं आहे. प्रत्येक छिद्रात गाळ बसलेला. ही छिद्रं रक्तवाहिन्यांची. वर केराटिनची चोच होती, आपली नखं असतात त्याच पदार्थाची. तिला रक्त पुरवायला ही वाट. चोच कुजून गेली, पण तिची व्याप्ती या छिद्रांच्या नकाशावरून काढता येते. मी ती एकेक साफ केली. यंत्र लावून सगळा भाग गुळगुळीत करून टाकणं सोपं होतं, जुन्या संग्रहांत असे घासून काढलेले नमुने दिसतातही, आणि ते बघून वाईट वाटतं. घासलेल्या हाडाला चोचीचं काही सांगता येत नाही.

मग डोळ्याच्या मागची जागा. इथे मी जे पाहिलं ते सगळ्यांनी करून बघावं. आपल्या कानशिलावर दोन बोटं ठेवा आणि दाढा घट्ट आवळा. बोटांखाली स्नायू फुगतो. तो गालाच्या हाडाच्या कमानीच्या आतून खाली जबड्याकडे उतरतो. लिस्ट्रोसॉरसच्या कवटीत डोळ्यामागे एकच मोठी खिडकी असते आणि त्याचाही जबड्याचा स्नायू तिथेच बसतो. सरडे, मगरी, डायनोसॉर, पक्षी यांच्या मूळ घराण्यात अशा खिडक्या दोन. एक खिडकी असलेले प्राणी म्हणजे सिनॅप्सिड, आपण त्यांतलेच. या कमानीतला गाळ काढताना माझी करंगळी आतून आरपार गेली. दुसऱ्या हाताने मी माझं कानशील चाचपलं. अभ्यासात शंभर वेळा वाचलेलं नातं तेव्हा हाताला लागलं.

खिडक्यांच्या मधोमध, कवटीच्या माथ्यावर, एक छोटं भोक निघालं. मोहरीपेक्षा थोडं मोठं. आतला गाळ काढायला सुईचं टोक आणखी बारीक घासून घ्यावं लागलं. हे तिसऱ्या डोळ्याचं भोक: इथून मेंदूच्या पिनियल भागाला उजेड-अंधार कळायचा. आजच्या काही सरड्यांमध्ये ते अजून आहे. सस्तन प्राण्यांच्या वाटेवर ते बुजत गेलं. आपली पिनियल ग्रंथी मेंदूच्या आत खोल गेली आणि तिथून झोपेचं वेळापत्रक सांभाळते.

सगळ्यांत धाकधूक होती ती जबड्याच्या सांध्याची. तिथे क्वाड्रेट नावाचं लहानसं हाड कवटीला सैलसर टेकलेलं असतं आणि ते बरेचदा हरवलेलंच असतं. आमच्यात डाव्या बाजूचं जागेवर होतं. ते खालच्या जबड्यातल्या आर्टिक्युलर हाडावर बसतं. हीच दोन हाडं आपल्यातही आहेत, फक्त जबड्यात नाहीत. सस्तन प्राण्यांच्या वाटेवर ती लहान होत होत कानात गेली. शाळेत आपण मध्यकर्णातली हातोडी, ऐरण आणि रिकीब पाठ करतो. आर्टिक्युलरची हातोडी झाली आणि क्वाड्रेटची ऐरण. माझ्या सुईखाली होती ती जबड्यात असतानाची ऐरण. दादांनी मला हात आवरायला सांगितलं, आधी कडेने रेझिन सोडलं, आणि मगच पुढे जाऊ दिलं.

सांधा मोकळा झाल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसली. खालच्या हाडाची बैठक वरच्या हाडापेक्षा लांब आहे, पुढून मागे. म्हणजे जबडा नुसता उघडझाप करत नव्हता, तोंड मिटताना तो मागे ओढला जायचा. क्रॉम्प्टन आणि हॉटन यांनी १९६७ साली डायसिनोडॉन्टांच्या, म्हणजे लिस्ट्रोसॉरस ज्या गटातला त्या प्राण्यांच्या, जबड्याचा हा अभ्यास केला होता, ज्यांत लिस्ट्रोसॉरसही होता. पान चोचीत पकडायचं, कडेवर कापायचं आणि जबडा मागे ओढून रगडायचं. दात नसूनही झाडपाल्याचं बारीक काम. कडक, धागेदार, जमिनीलगतचं जे काही उरलं असेल ते त्याला खाता येत होतं. जंगलं गेल्यावर नदीकाठी जी खुरटी झुडपं आणि नेचे तग धरून राहिले, त्यांच्यावर याचं भागलं असावं. का उरला, या प्रश्नाचं एक उत्तर मला या सांध्यात दिसतं. एकच उत्तर पुरेसं आहे असं मात्र मी म्हणणार नाही.

कवटी थोडी तिरकी दबलेली आहे, डावा डोळा उजव्यापेक्षा खाली आला आहे. वर जमत गेलेल्या गाळाच्या भाराने असं होतं. त्यामुळे हाडांमधल्या नागमोडी शिवणी आणि नंतर पडलेल्या भेगा यांत फरक करायला वेळ लागला. शिवण हाडाच्या धाग्यांच्या दिशेने वळणं घेते. भेग सरळ कापत जाते. प्रत्येक शिवणीचं चित्र काढून मी सह्या-तारखांसह फाइलला लावलं.

कवटी साफ होत आली तेव्हा मी ती जुन्या चित्रांशी जुळवून पाहू लागले. भारतातले हे जीवाश्म आपल्याला नवे नाहीत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम ब्लॅनफर्ड यांना दामोदर खोऱ्यात १८६० च्या सुमाराला हाडं मिळाली, ती थॉमस हक्सलीकडे गेली आणि १८६५ साली ‘पॅलिऑन्टोलॉजिया इंडिका’त त्यांचं वर्णन छापलं गेलं. त्याआधी १८५९ मध्ये हक्सलीनेच दक्षिण आफ्रिकेतल्या एका कवटीला मरेई हे प्रजातीचं नाव दिलं होतं. लिस्ट्रोसॉरस हे नाव अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ कोपने १८७० मध्ये दिलं. आपल्याकडचे नमुने आज त्याच लिस्ट्रोसॉरस मरेईत मोडतात. राय यांनी भारतीय कवट्यांची मापं घेऊन त्यांत दोन ठेवणी दाखवल्या आहेत, नर-मादीच्या असाव्यात अशा. आमची कवटी वीतभराहून थोडी कमी लांबीची. ती कुठल्या ठेवणीत बसते, ते मापं घेणारे सांगतील.

आफ्रिकेतली प्रजाती बंगालात कशी, याचं उत्तर आता शाळेतल्या नकाशावर असतं. एके काळी ते तसं नव्हतं. खंड सरकतात हे कित्येक भूवैज्ञानिक मानायला तयार नव्हते. १९६९ च्या अखेरीस अंटार्क्टिकातल्या कोलसॅक ब्लफ इथे एडविन कोलबर्ट यांच्या गटाला लिस्ट्रोसॉरसची हाडं मिळाली. पोहून समुद्र ओलांडणं या आखूड पायांच्या प्राण्याला शक्यच नव्हतं. भारत, आफ्रिका, अंटार्क्टिका एकत्र होते, म्हणून तो सगळीकडे चालत गेला. चीनच्या शिंजियांगमध्ये आणि रशियातही तो सापडतो. मी ज्या कवटीवर वाकून बसायचे, तिचे भाऊबंद बर्फाखाली आहेत आणि कारूच्या माळावरही आहेत, हे मला त्या काळात रोज आठवायचं. चंद्रपूरच्या घरी फोन केला की आई विचारायची, “तुझा प्राणी किती बाहेर आला?” आणि मी तिला सांगायचे, आज नाक, आज डोळा.

टाळूचा उजवा भाग आम्ही मुद्दाम खडकातच ठेवला. आतली हाडं पापडाइतकी पातळ आहेत आणि सूक्ष्म सीटी स्कॅनमध्ये ती हात न लावता दिसू शकतील. सगळं उघडं करायचा मोह होतो, पण एकदा काढलेला गाळ परत ठेवता येत नाही आणि गाळातही परागकण, कवचांचे तुकडे असं बरंच काही असतं. काढलेला गाळसुद्धा आम्ही जागेप्रमाणे पिशव्यांत भरून ठेवला आहे. नोंदवहीत कुठलं रेझिन, किती टक्के, कुठल्या सांध्याला कुठलं चिकटवण, सगळं लिहिलं. पन्नास वर्षांनी कुणाला ते काढून पुन्हा जोडायचं असेल तर कशात विरघळतं ते माहीत असलं पाहिजे.

कवटी आता फोमच्या खोबणीत, क्रमांक घालून कपाटात आहे. जॅकेटमधल्या बरगड्या आणि पायाचं हाड माझ्याकडेच आहे. त्यातल्या एका बरगडीचा काप घ्यायचं ठरलं आहे. जेनिफर बोथा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली कारूतल्या हाडांमधल्या वाढीच्या रेषा मोजल्या, तेव्हा संहाराआधीचे लिस्ट्रोसॉरस तेरा-चौदा वर्षं जगलेले दिसले आणि नंतरचे बहुतेक दोन-तीन वर्षांतच मेलेले. लवकर मोठं व्हायचं, लवकर पिल्लं घालायची, म्हणून जात टिकली, असं त्यांचं म्हणणं. दामोदरकाठीही तसंच होतं का, हे मला बघायचं आहे. बरगडी रेझिनमध्ये बसवून झाली आहे. हिऱ्याच्या पात्याची करवत दुरुस्त होऊन आली की पहिला काप घेऊ, काचपट्टीवर चिकटवू आणि खाली उजेड दिसेपर्यंत घासत जाऊ.